याआधी कोणी केलंय हे?

घरी प्लंबर येतो, सिंकखाली डोकं घालतो आणि आतूनच विचारतो, "याआधी कोणी केलंय हे?" इलेक्ट्रिशियन स्विचबोर्ड उघडतो आणि मान हलवत हेच विचारतो. डेंटिस्ट तर आपल्या तोंडात आरसा घालून विचारतो, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाही. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले? आम्ही तर या प्रश्नासाठी चक्क एक कमांड करून ठेवली आहे. 'गिट ब्लेम'. कोडची कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते एका झटक्यात दिसतं. गिटच्या आधीच्या सबव्हर्जनमध्ये हीच कमांड 'ब्लेम' आणि 'प्रेझ' अशा दोन्ही नावांनी चालते. उत्तर एकच, पण विचारताना शिव्या द्यायच्यात की शाबासकी हे तुम्ही ठरवा! एवढ्या वर्षांत 'प्रेझ' टाईप करणारा माणूस मी काही पाहिलेला नाही. असो.

आजचा विषय मात्र पियानो आहे. पियानो वाजवणारे नाहीत, तो दुरुस्त करणारे, सुरात लावणारे टेक्निशियन. आणि त्यांची आपापसातली भांडणं. तुम्ही म्हणाल, याचा पियानोशी काय संबंध? संबंध आहे. लेकीच्या हट्टापायी दीड-दोन वर्षांपूर्वी एक जुना, सेकंडहँड, उभा पियानो आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. चार माणसं, एक टेम्पो आणि सोसायटीच्या वॉचमनची नाराजी एवढ्या भांडवलावर तो दुसऱ्या मजल्यावर चढला. आणि त्याच्यामुळे मी एका भल्या माणसाचा अपमान केला, ही खरी गोष्ट.

झालं असं. मे महिन्यात एक वयस्कर ट्यूनर काका आले. चाळीसेक वर्षं हेच काम करतायत. चामड्याची पिशवी, त्यात ट्यूनिंगचा पाना, रबराच्या पाचरी, फेल्टची पट्टी आणि एक ट्यूनिंग फोर्क. तीन तास काम केलं. निघताना म्हणाले, "साहेब, हा पूर्ण चारशे चाळीसला नाही आणला. जरा खालीच ठेवलाय. तारा जुन्या आहेत, गंज आहे. एकदम ओढला तर तुटतील. दोन-तीन वेळा करत करत वर नेऊ." मी तेव्हा कॉन्फरन्स कॉलवर होतो. कानात हेडफोन, म्यूटवर बोट. "हो हो काका, थँक्यू" म्हटलं आणि पैसे दिले. ऐकलं काहीच नाही. हे वाक्य त्यांनी म्हटलं होतं हे मला बायकोकडून कळलं, तेही पुढे सगळा घोळ झाल्यावर.

ऑगस्टमध्ये पियानो बेसूर वाटायला लागला. काका गावाला गेले होते, म्हणून कोणीतरी दुसऱ्या एका तरुण टेक्निशियनचा नंबर दिला. मुलगा हुशार, फोनमध्ये ट्यूनिंगचं अॅप, हात चपळ. त्याने झाकण उघडलं, चार सूर वाजवले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, (ओळखलंत ना?) "याआधी कोणी केलंय हे? सगळा खाली आहे, मधला भाग भलतीकडेच आहे. पैसे वाया गेले तुमचे." मला काय कळतंय? तो आत्मविश्वासाने बोलला, स्क्रीनवर आकडे होते, मी विश्वास ठेवला. त्याने पियानो चारशे चाळीसला ओढला. ओढताना दोन तारा तुटल्या. "जुन्या होत्या," तो म्हणाला. आणि त्याच रात्री मी काकांना मेसेज केला की तुम्ही काम नीट केलं नव्हतं असं दुसऱ्या टेक्निशियनचं म्हणणं आहे. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं, "ठीक आहे." बस.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण मुद्दा इथेच आहे.

पियानोत ८८ पट्ट्या असतात, पण तारा साधारण २३०. मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन-तीन तारा. एकेका तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण. सगळ्याची बेरीज १८-२० टनांच्या घरात जाते. एवढा ताण एक बिडाची चौकट पेलते. पण आवाज येतो तो साउंडबोर्डमधून, म्हणजे स्प्रूसच्या लाकडाच्या एका पातळ, किंचित फुगीर फळीतून. आणि लाकूड म्हटलं की दमटपणा आला. पावसाळ्यात फळी ओलावा पिते, फुगते, तारांना वर ढकलते, ताण वाढतो, सूर चढतो. कोरड्या हवेत उलट. आणि गंमत म्हणजे सगळा पियानो सारखा चढत नाही. मधला भाग जास्त हलतो, दोन टोकं कमी.

म्हणजे बघा, पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात लावलेला पियानो ऑगस्टच्या झडीत उघडला तर मधला भाग 'भलतीकडेच' असणार. त्यात कोणाचीही चूक नाही. ट्यूनरचं काम हे रांगोळीसारखं आहे. काढून पाठ वळली की वारा सुरू. तीन महिन्यांनी येऊन रांगोळी विस्कटलेली बघायची आणि "काढणाऱ्याला हात नव्हता" म्हणायचं, हा कुठला न्याय?

आमच्या कोडमध्ये निदान पुरावा तरी शिल्लक असतो. काल लिहिलेली ओळ आज तशीच दिसते. ट्यूनरचा पुरावा हवेबरोबर उडून जातो. त्यामुळे ज्या व्यवसायात आधीच्या माणसाच्या कामावर बोलताना सगळ्यात जास्त जपून बोलायला हवं, तो हाच.

पण म्हणजे पियानो टेक्निशियनमध्ये खरे मतभेद नसतात का? भरपूर असतात. आणि ते मतभेद मुळात त्या वाद्याच्या गणितातच आहेत.

तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पियानोवर 'सा' आणि 'ग' एकत्र वाजवा. पियानोचा गांधार या शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). हे मुद्दाम केलेलं असतं. कारण बारा शुद्ध पंचम एकावर एक रचत गेलात तर सात सप्तकांनंतर तुम्ही षड्जावर परत येत नाही, साडेतेवीस सेंट पुढे निघून जाता. ही जास्तीची रक्कम कुठेतरी खपवावीच लागते. सगळ्या बारा पंचमांवर सारखी वाटली, प्रत्येकाला दोन सेंटचा भुर्दंड, की झालं समान विभागणीचं ट्यूनिंग, ज्याला इक्वल टेंपरामेंट म्हणतात. आज जवळजवळ सगळे पियानो असेच लावतात. म्हणजे पियानोत सप्तक सोडलं तर एकही जोडी पूर्ण शुद्ध नसते. सगळे थोडे थोडे बेसूर, पण सारखे बेसूर. (आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं वाटपसुद्धा याच तत्त्वावर झालंय.)

ट्यूनर हे कानाने कसं करतो? दोन सूर शुद्ध जुळले नसले की त्यांच्यातून वाँव-वाँव असे हेलकावे येतात. त्यांना बीट म्हणतात. मधल्या 'सी'च्या खालच्या सप्तकातले एफ आणि ए एकत्र वाजवले तर सेकंदाला साधारण सात बीट यायला हवेत. एक पट्टी वर सरकलं की थोडे जास्त, अजून वर की अजून जास्त. हा वाढत जाणारा वेग ऐकत ऐकत ट्यूनर चढतो. सेकंदाला सात आणि साडेसात यातला फरक कानाने ओळखायचा. मला अजूनही तो ऐकू येत नाही.

बरं, सप्तक तरी शुद्ध? तेही नाही. पियानोची तार जाड आणि ताठ असते, त्यामुळे तिच्यातले वरचे उपस्वर गणितापेक्षा थोडे चढे निघतात. मग सप्तकं किंचित ताणावी लागतात, वरचे सूर अजून वर, खालचे अजून खाली. ओ. एल. रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये हे मोजून दाखवलं. पियानोच्या टोकांना हा ताण २०-३० सेंटपर्यंत जातो. किती ताणायचं? ते पियानोवर अवलंबून, आणि ट्यूनरच्या कानावर. इथे दोन उत्तम ट्यूनर दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोन्ही बरोबर असतील.

मग यंत्र की कान, हा वाद. १९३६ मध्ये कॉन कंपनीचं स्ट्रोबोकॉन हे फिरत्या चकत्यांचं यंत्र आलं तेव्हापासून तो चालू आहे. आता यंत्र फोनमध्ये आलं, वाद तोच. मग इतिहासाचा वाद. ओवेन जॉर्गेन्सन या अमेरिकन ट्यूनरने १९९१ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात मांडलं की एकोणिसाव्या शतकात खरं समान विभागणीचं ट्यूनिंग कोणी करतच नव्हतं. काही जण ते मानतात, काही जण अजिबात नाही. ब्रॅडली लेमन यांनी २००५ मध्ये असा दावा केला की बाखने १७२२ च्या 'वेल टेंपर्ड क्लाविअर'च्या मुखपृष्ठावर जी वेलांट्यांची नक्षी काढली आहे, तीच ट्यूनिंगची गुरुकिल्ली आहे. त्यावर विद्वानांमध्ये जी जुंपली, ती वाचताना मला आमच्याकडची 'टॅब की स्पेस' भांडणं आठवली. फरक सेंटमधला, आवेश पानिपतातला.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे तर हार्मोनियमच्या सुरांवरून, म्हणजे याच समान विभागणीवरून, मोठा वाद होऊन गेला. पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या रागांचे नाहीत, हे आक्षेप खरेच होते. पण तो वाद सुटला कसा? हुकुमाने. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिली, तीही आधी अंशतःच उठली. तीस वर्षं! गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात पेटी मैफलीत वाजत राहिली आणि रेडिओवर मुकी झाली. बंदीने एकही गांधार शुद्ध झाला नाही. ज्यांना पेटीचे दोष ऐकू येत होते त्यांना ते येत राहिले, ज्यांना गोडवा ऐकू येत होता त्यांना तोही येत राहिला. फक्त एकमेकांना ऐकवून दाखवायची संधी गेली.

'ऐकवून दाखवणं' हा शब्द लक्षात ठेवा, कारण यावरचा सगळ्यात चांगला उपाय पियानोवाल्यांनीच शोधून ठेवलाय.

अमेरिकेत 'पियानो टेक्निशियन्स गिल्ड' नावाची संघटना आहे. तिचा जन्मच मुळात १९५७ मध्ये दोन वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन झाला. (दोन संघटना फुटून चार होण्याची सवय असलेल्या आपल्या मराठी मनाला हे जरा जड जातं.) या संघटनेची ट्यूनिंगची परीक्षा असते. आता प्रश्न असा की ज्या कामाचं एकच बरोबर उत्तर नाही, त्याची परीक्षा घ्यायची कशी? त्यांची पद्धत अशी. आधी परीक्षक आणि अनुभवी टेक्निशियन एकत्र बसून तोच पियानो लावतात. एकेक सूर. एकाला वाटतं जरा वर हवा, दुसरा म्हणतो नको. वाजवून बघतात, तपासतात, पुन्हा वाजवतात, आणि सगळ्यांना मान्य होईपर्यंत पुढे जात नाहीत. मग ते यंत्राने मोजून लिहून ठेवतात. याला 'मास्टर ट्यूनिंग' म्हणतात. मग पियानो मुद्दाम बेसूर करतात आणि परीक्षार्थीला देतात.

त्याने लावलेले सूर या मास्टरशी ताडून बघतात. फरक ठराविक मर्यादेबाहेर गेला तर गुण कापले जातात. पण थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. यंत्राने चूक दाखवली म्हणून विषय संपत नाही. ती चूक परीक्षकांनी कानाने पडताळायची असते. इथे बीट वाढत जायला हवे होते, ते मध्येच मंदावले, हे ऐकू येतं का? आलं तर गुण जातात. नुसता आकडा चुकला पण कानाला चूक सापडली नाही, तर गुण परत.

मला हे वाचून अक्षरशः उठून उभं राहावंसं वाटलं. यात सगळं आलं. पहिलं, दुसऱ्याला मोजायच्या आधी मोजणाऱ्यांनी आपापसात एकमत करायचं, आणि तेही चर्चा करून नाही, प्रत्यक्ष त्याच पियानोवर. दुसरं, आक्षेप माणसावर नाही, सुरावर. 'तुला येत नाही' असं नाही, 'हा सूर ऐक' असं. तिसरं, जो दोष ऐकवून दाखवता येत नाही, तो दोष धरायचा नाही.

आता या फूटपट्टीने आमच्या हॉलमधला प्रसंग मोजा. 'मधला भाग दहा सेंट चढलाय आणि बाकीचा खाली आहे' हे निरीक्षण. बरोबर होतं. 'याआधीच्या माणसाने वाट लावली' हा निकाल. आरोपी गैरहजर, पुरावा पावसाने धुतलेला, आणि न्यायाधीश मी, ज्याला सात आणि साडेसात बीट कळत नाहीत.

आणि इथेच मला या विषयातली खरी मेख वाटते. ज्या कामाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, तिथे गिऱ्हाईक काम बघत नाही, बोलणं बघतं. जो जास्त ठामपणे बोलेल तो जास्त जाणकार. त्यामुळे आधीच्याला नावं ठेवणं हा धंद्याच्या दृष्टीने अगदी सोपा, फुकटचा फायदा आहे. गिऱ्हाईक लगेच तुमच्याकडे वळतं. पण तेच गिऱ्हाईक एक गोष्ट मनात नोंदवून ठेवतं, की या लोकांचं काही खरं नसतं. पुढच्या वेळी तिसरा येऊन तुम्हाला नावं ठेवणार, आणि चौथ्या वेळी गिऱ्हाईक कोणालाच बोलावणार नाही. पियानोवर टेबलक्लॉथ आणि फोटोफ्रेम येतात. असे फोटोफ्रेमचे स्टँड झालेले पियानो मी दोन-तीन घरांत पाहिलेत.

आणि दुसरं नुकसान याहून मोठं. हे हातातून हातात जाणारं काम आहे. जुन्या तारेला किती ओढायचं, पिन वळवल्यावर तार पुन्हा सुटू नये म्हणून ती कशी 'बसवायची', कुठला पिनब्लॉक आता दम धरणार नाही, हे अॅप सांगत नाही. ते चाळीस वर्षं केलेल्या माणसाला माहीत असतं. त्याला तुम्ही गिऱ्हाइकापुढे उताणा पाडलात तर तो तुम्हाला का शिकवेल? आणि उलट बाजूही आहे. तरुण मुलाच्या हातातलं यंत्र बघून 'ही आजकालची पोरं' म्हणणारा म्हातारा ट्यूनरही तेच करत असतो. त्या यंत्राकडूनही शिकण्यासारखं बरंच असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सभ्यतेच्या नावाखाली वाईट काम झाकलं जातं त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. 'आपल्यातल्याला उघडं पाडायचं नाही' या नियमाखाली कुठल्या कुठल्या व्यवसायांत काय काय चालतं, हे आपल्याला माहीत आहे.

माझं उत्तर असं. आधी समोर काय आहे ते ओळखा. काही गोष्टी काळाने आणि हवेने झालेल्या असतात. त्यात कोणाचं नाव घ्यायचं कारणच नाही. काही गोष्टी निवडीच्या असतात. सप्तक किती ताणलं, चारशे चाळीसला नेलं की खाली ठेवलं, हॅमरच्या फेल्टला सुया टोचून आवाज मऊ केला की तसाच टणक ठेवला. तिथे 'मी वेगळं करेन, कारण अमुक' एवढं म्हणा. आणि काही गोष्टी खरोखर चुकीच्या असतात. सैल झालेल्या पिना घट्ट करायच्या म्हणून कोणी तेल ओतून ठेवलं असेल, तर तो पिनब्लॉक कायमचा गेला. तिथे मवाळ बोलून चालणार नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगा की हे तेल आहे, याने लाकूड खराब झालंय, दुरुस्तीला इतका खर्च येईल. पियानोबद्दलचं सगळं खरं सांगा. आधीच्या माणसाच्या लायकीबद्दलचं मत मात्र जपून ठेवा, आणि शक्य असेल तर त्यालाच फोन करून विचारा. दहातल्या कितीतरी वेळा पलीकडून असं काहीतरी कळतं जे तुम्हाला माहीत नव्हतं.

सभ्यपणा म्हणजे गप्प बसणं नव्हे. उलट, मोघम टोमणा मारायला काहीच कष्ट लागत नाहीत. 'हा सूर इथे चुकलाय, ऐक' असं म्हणायला मात्र आधी स्वतःला तो नीट ऐकावा लागतो.

हे मी पियानोवाल्यांना सांगतोय असं समजू नका. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये, आधीच्या टीमने लिहिलेला कोड स्क्रीनवर उघडून मी म्हटलं होतं, "हे ज्याने लिहिलंय त्याला प्रोग्रॅमिंग शिकवायला हवं." सगळे हसले. मला फार भारी वाटलं. दोन महिन्यांनी जुन्या ईमेल्स चाळताना कळलं की तो विचित्र कोड क्लायंटच्याच एका जुन्या सर्व्हरसाठी, त्यांच्याच आग्रहाने, दोन रात्री जागून लिहिलेला होता. लिहिणाऱ्याने आपली हरकतही नोंदवली होती, अगदी व्यवस्थित, मुद्देसूद. तो मुलगा तोपर्यंत कंपनी सोडून गेला होता. त्याला मी कधी भेटलो नाही. माफी राहून गेली ती गेलीच.

त्यामुळे या वेळी ती राहू द्यायची नव्हती.

फेब्रुवारीत हवा कोरडी झाली आणि पियानो पुन्हा बेसूर. तरुण टेक्निशियनला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, सूर वाजवले, स्क्रीन बघितली. मधला भाग आता खाली घसरलेला. तो तोंड उघडणार एवढ्यात मीच म्हटलं, "याआधी कोणी केलंय हे?" तो क्षणभर बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. गिट ब्लेम चालवावं आणि आपलंच नाव यावं, तसा. मग थोडा गंभीर झाला आणि म्हणाला, "सर, त्या अंकलचा नंबर आहे का?"

मी आधी स्वतः फोन केला. मेसेज नाही, फोन. कॉलवर होतो, तुमचं ऐकलं नाही, आणि न विचारता तुम्हाला दोष दिला, चुकलं, असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "अरे बाबा, मी पण लिहून ठेवायला पाहिजे होतं."

पुढच्या रविवारी दोघंही आले. तीन तास आमच्या हॉलमध्ये एकेक सूर वाजत होता. एकमत झालं का? सगळ्यावर नाही. तुटलेल्या तारांच्या जागी बसवलेल्या नव्या तारा अजून सैलावतायत, तेव्हा आत्ताच चारशे चाळीसला ठेवू नये असं काकांचं म्हणणं. बाकीचा पियानो आता तिथे पोचलाय तर खाली कशाला आणायचा, असं मुलाचं. वरच्या सप्तकात काकांना ताण जास्त हवा होता, मुलाला कमी. "हे ऐक," काका म्हणायचे. "अंकल, आता हे ऐका," तो म्हणायचा. बायकोने दोनदा चहा केला. वरचं सप्तक शेवटी काकांच्या कानाप्रमाणे झालं, सुराची उंची मुलाच्या म्हणण्याप्रमाणे राहिली.

निघायच्या आधी काकांनी खिशातून पेन्सिल काढली. जुन्या पियानोंच्या आत अशा नोंदी सापडतात, ट्यूनर लोक तारीख आणि नाव लिहून ठेवतात. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी तारीख लिहिली, सुराची उंची लिहिली, आणि खाली 'मधल्या तारा नव्या, सावकाश' असं लिहिलं. मग पेन्सिल त्या मुलाच्या हातात दिली. त्याने शेजारी हवेतल्या दमटपणाचा आकडा लिहिला आणि सही केली. दोन वेगळी अक्षरं, एकाखाली एक.

आता जो कोणी तिसरा येईल त्याला विचारायची गरज नाही. कोणी केलंय, कधी केलंय, का केलंय, सगळं आत लिहिलंय. चुकलंय असं वाटलं तर दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत.

असो. उद्या सोमवार. सकाळी एका ज्युनिअरच्या कोडवर रिव्ह्यू कमेंट टाकायची आहे. शुक्रवारी लिहून ठेवली होती, पाठवली नव्हती. मघाशी उघडून बघितली. पहिलंच वाक्य होतं, "हे असं का केलंय?" ते खोडलं. आधी त्याला फोन करतो.